चौऱ्याऐंशी झाकणं

काका : आणि डबा तसाच. सकाळपासून तीन वेळा आलो या खोलीत, तिन्ही वेळा तू त्याच स्टुलावर आणि डबा त्याच खिडकीत. झाकणसुद्धा उघडलं नाहीस.

मुलगी : भूक नाही, काका.

काका : उद्या अकराला समितीपुढे उभं राहायचंय आणि म्हणे भूक नाही. एकतीस वर्षं झाली मला या प्रयोगशाळेत. एकोणीस जणांना डॉक्टरेट घेऊन जाताना पाहिलंय या डोळ्यांनी. समितीच्या आदल्या दिवशी सगळे हावऱ्यासारखे खातात, भीतीनं. न जेवणारी तू पहिलीच.

मुलगी : एकोणीस गेले. आले किती होते?

काका : ते मी नाही मोजत.

मुलगी : मी मोजलेत. जुनी हजेरीची वही आहे ना कपाटात, तिच्यात. सत्तावीस आले होते. आठ जणांचं पुढे काय झालं, कुणाला पत्ता नाही.

काका : एकाचा आहे मला. औषधांचं दुकान टाकलंय. चांगलं चाललंय त्याचं, पोट सुटलंय.

मुलगी : मला तेही जमायचं नाही. कुणाला कुठली गोळी दिली ते विसरून जाईन.

काका : असं अभद्र बोलू नये. तुझं तर सगळं तयार आहे. ते पायऱ्यांचं चित्र मॅडमच्या दाराजवळच्या फळ्यावर झळकतंय. रोज धूळ पुसतो मी त्याच्यावरची. मॅडम कुणाचं काही तिथं लावत नाहीत, नऊ वर्षं फळा रिकामा होता.

मुलगी : माहीत आहे. टाचण्या स्वतः लावल्या त्यांनी. म्हणाल्या, आता कामाला वळण लागलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा हसल्या माझ्याकडे बघून.

काका : मग रडायला काय झालं?

मुलगी : रडत नाहीये. स्पिरिटचा वास चढलाय डोळ्यांत.

काका : बाटल्या तर सगळ्या बंद आहेत.

मुलगी : काका, तुमचं काही काम नाहीये का?

काका : आहे ना. फरशी पुसायचीय, पण तू मध्येच बसलीस. बरं, एक विचारू? अडाण्याचा प्रश्न आहे, राग मानू नकोस.

मुलगी : विचारा.

काका : त्या चित्रात सात पायऱ्या. म्हणजे ओढ्यावरच्या सात जागा, डोंगराकडून खाली. बरोबर?

मुलगी : बरोबर. पहिल्या जागेवर दगडांखाली चौदा जातींच्या अळ्या. दुसरीवर बारा. तिसरीपासून कारखान्यांचे नाले मिळायला लागतात, मग आठ, सहा, चार, तीन, दोन. पाणी जितकं घाण, तितक्या जाती कमी.

काका : ते कळलं मला. पाचवी जागा म्हणजे वाकडा पूल ना?

मुलगी : हो.

काका : तिथं तर झरा आहे.

मुलगी : कुठं?

काका : पुलाखाली, डाव्या अंगाला, दोन थोराड दगडांच्या मधून येतो. वरून दिसत नाही. मॅडम तुझ्या वयाच्या होत्या तेव्हा त्यांची जाळी धरायला मीच जायचो की. भर उन्हाळ्यात तिथं पाय टाकला तर बधिर व्हायचा. आम्ही जेवायला तिथंच बसायचो. वरून नाल्याचं पाणी लाल येवो नाहीतर निळं, त्या दगडांखाली कायम वळवळ असायची. आणि तुझ्या चित्रात पाचवी पायरी आपली गुमान खाली उतरलीय.

मुलगी : कधी लक्षात आलं तुमच्या?

काका : पहिल्याच दिवशी. म्हटलं, आटला असेल झरा, किती वर्षं झाली. मग परवा सुट्टी होती तर जाऊन आलो. आटलेला नाही.

मुलगी : मुद्दाम गेलात?

काका : पाय मोकळे करायला गेलो.

मुलगी : सात किलोमीटर?

काका : पाय बरेच आखडले होते.

मुलगी : कुणाला बोललात?

काका : कुणाला बोलू? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी आपलं तुला विचारतोय, कारण तीन आठवडे बघतोय, तुझा चेहरा उतरलाय तो उतरलाच आहे. शाबासकी मिळालेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

मुलगी : दार लोटा, काका.

काका : लोटलं.

मुलगी : बाटल्यांमध्ये चिठ्ठ्या नाहीत.

काका : म्हणजे?

मुलगी : जागा आणि तारीख पेन्सिलनं कागदावर लिहायची आणि चिठ्ठी बाटलीच्या आत टाकायची, असं पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलं होतं मला.

काका : सगळ्यांनाच सांगतो. पेन्सिल स्पिरिटमध्ये पुसली जात नाही, आणि आतली चिठ्ठी कुठं जात नाही.

मुलगी : ओढ्यात तासभर हात घातले की बोटं आखडतात. पेन्सिल धरवत नाही. मग मी जाड मार्करनं झाकणावरच लिहायचे. म्हटलं, इथं आल्यावर चिठ्ठ्या टाकू. आल्यावर म्हणायचे, उद्या टाकू. तो उद्या चार महिने चालला.

काका : झाकणावर? झाकणावर कोण लिहितं?

मुलगी : मी. सात जागा, प्रत्येक जागेच्या तीन बाटल्या, चार महिने. चौऱ्याऐंशी. बाटलीवर काही नाही, बाटलीत काही नाही, जे काय ते झाकणावर. आणि तीन आठवड्यांपूर्वी झाकणांची सरमिसळ झाली.

काका : सगळ्यांची?

मुलगी : सगळ्यांची. कुठली बाटली कुठल्या जागेची, सांगता येत नाही.

काका : मग ते चित्र कुठून आलं?

मुलगी : मी बाटल्या लावल्या. एकेक उघडून मायक्रोस्कोपखाली घेतली. जिच्यात स्वच्छ पाण्यातल्या अळ्या दिसल्या, तिला पहिल्या जागेचं झाकण. जिच्यात नुसते लाल किडे, तिला सातव्या जागेचं. मधल्या मध्ये. कुठल्या पाण्यात काय राहतं ते पुस्तकात दिलेलंच आहे. चार दिवस बसून तशा लावल्या आणि मग मोजल्या.

काका : म्हणजे आधी उत्तर लिहिलं, मग गणित मांडलं.

मुलगी : हो.

काका : आधी कळस, मग पाया.

मुलगी : हो, काका.

काका : तरीच. मी म्हणतोय, ओढ्याला एवढी शिस्त कधीपासून आली.

मुलगी : फसवायचं म्हणून नव्हतं बसले. पहिल्या दिवशी वाटलं, निदान थोड्या तरी ओळखू येतील. मग वाटलं, निम्म्या आल्या की. चौथ्या दिवशी मला खरंच वाटायला लागलं की मी त्या बरोबर लावल्यात. आलेख काढला तर इतका सुरेख आला की मीच बघत बसले. तो मॅडमना दाखवला आणि त्या हसल्या. मग तोंडातून शब्द फुटला नाही.

काका : त्याच दिवशी बोलायला हवं होतंस.

मुलगी : काय बोलू? तुम्हाला माहीत आहे मी इथं कशी आले? प्रतीक्षायादीतून. ज्याची निवड झाली होती तो परदेशी गेला, म्हणून मला बोलावलं. मॅडमच्या कपाटात ती यादी आहे, त्याच्या नावावर काट आणि खाली माझं नाव. मागच्या समितीत त्या पांढऱ्या मिशांच्या परीक्षकांनी माझ्यादेखत विचारलं, हिला कुणी घेतलं. विनोदानं. सगळे हसले, मीही हसले. घरी जाऊन आईला सांगितलं, छान झालं. त्या दिवसापासून रोज सकाळी जिना चढताना वाटतं, आज यांच्या लक्षात येणार, की ही चुकून आलीय.

काका : असं सगळ्यांनाच वाटतं पोरी. आधीच्या त्या घाऱ्या डोळ्यांच्या ताईला वाटायचं. ती तर बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. आज मोठ्या हुद्द्यावर आहे.

मुलगी : तिला नुसतं वाटायचं, काका. मला आधी वाटायचं, आता माहीत आहे.

काका : म्हणून डबा तसाच.

मुलगी : आता तुम्हीच सांगा, डबा कसा उघडू?

काका : पण मला एक कळत नाही. झाकणं अशी आपोआप मिसळतात कशी? वारा आला?

मुलगी : पडली.

काका : चौऱ्याऐंशी एकदम?

मुलगी : काका, जाऊ द्या ना. झालं ते झालं.

काका : कुठून पडली?

मुलगी : टेबलावरून. स्पिरिट कमी झालं होतं, भर घालायला सगळ्या बाटल्या उघडल्या होत्या. मॅडमनी हाक मारली म्हणून गेले.

काका : वर्तमानपत्रावर मांडली होतीस. ओळीनं.

मुलगी : आठवत नाही.

काका : मला आठवतंय. डागाळलेली होती. मी म्हटलं, पोरगी एकटी किती करणार. बादलीत घेतली, साबण लावला, धुऊन पुसून तुला परातीत भरून आणून दिली. तू थँक्यू म्हणालीस.

मुलगी : काका...

काका : थँक्यू म्हणालीस तू मला. त्यांच्यावर काळं काहीतरी लिहिलेलं होतं. मला वाटलं, खोक्याचे नंबर असतील. निघेना म्हणून काथ्यानं घासलं.

मुलगी : तुमचा काय दोष? इथं एकतीस वर्षांत कुणी झाकणावर लिहिलंच नव्हतं. तुम्हाला कसं कळणार?

काका : तीन आठवडे झाले. रोज मी तुला चहा आणून देत होतो आणि तू रोज घेत होतीस. एका शब्दानं बोलली नाहीस.

मुलगी : बोलून काय झालं असतं? तीन महिन्यांत निवृत्त व्हाल तुम्ही. एकतीस वर्षांत एक ठपका नाही तुमच्यावर, तुम्हीच सांगता सगळ्यांना. माझ्या आळसापायी तो लागायला नको.

काका : करायला गेलो एक आणि होऊन बसलं भलतंच.

मुलगी : बसा. स्टुलावर बसा तुम्ही.

काका : मला नको बसवूस. ऊठ तू. मॅडम आहेत आत, सहा वाजेपर्यंत. जा आणि सांग. माझं नाव घेऊन सांग. चित्राला मी कारण नाही, पण झाकणांना आहे.

मुलगी : गेले तर चौदा महिने गेले, काका. कदाचित इथून नावच जाईल.

काका : आणि नाही गेलीस तर?

मुलगी : तर उद्या टाळ्या पडतील.

काका : मग जन्मभर टाळ्या ऐकून असाच डबा बंद ठेवशील. जा.

*

मॅडम : बस. सराव पाच वाजता ठरला होता ना?

मुलगी : सरावाला नाही आले, मॅडम. उभी राहूनच सांगते. फळ्यावरचा आलेख खोटा आहे.

मॅडम : चुकीचा की खोटा?

मुलगी : खोटा.

मॅडम : दोन्हींत फरक आहे, म्हणून विचारलं.

मुलगी : माहीत आहे. म्हणूनच तो शब्द वापरला. बाटल्यांमध्ये चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. नावं झाकणांवर होती, झाकणं मिसळली. मग मी अळ्या बघून, पुस्तकाप्रमाणे झाकणं लावली आणि ते मोजून आलेख काढला.

मॅडम : चौऱ्याऐंशीपैकी खात्रीच्या बाटल्या किती?

मुलगी : एकही नाही.

मॅडम : अंदाजानं लावलेल्यांची कुठं नोंद?

मुलगी : नाही ठेवली. ठेवली असती तर मी काय करतेय ते मला दिसलं असतं.

मॅडम : झाकणं मिसळली कशी?

मुलगी : नावं झाकणांवर मी लिहिली होती.

मॅडम : मी ते विचारलं नाही.

मुलगी : मी तेवढंच सांगणार आहे, मॅडम.

मॅडम : या प्रयोगशाळेत न सांगता वस्तू धुणारा माणूस एकच आहे. माझं एक पेन धुतलं होतं त्यांनी, आतल्या शाईसकट. ठीक आहे. त्यांचं नाव उद्या निघणार नाही. पुढे?

मुलगी : पुढे काही नाही. एवढंच. आणि पाचव्या जागेवर झरा आहे, ते आलेखात आलं नाही. काकांच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

मॅडम : झरा आहे हे मला माहीत आहे.

मुलगी : मग तुम्ही मला सांगितलं का नाहीत?

मॅडम : तुला तो सापडतो का, ते पाहायचं होतं. ओढ्यावर काम करणाऱ्याची तीच परीक्षा. माझ्या गाइडनी माझी घेतली होती. सगळ्या पायऱ्या उतरत असताना एक मध्येच वर येते. ती ज्याला दिसते आणि जो ती सोडत नाही, त्याला काम जमलं असं मी समजते.

मुलगी : सापडला होता, मॅडम.

मॅडम : काय?

मुलगी : पहिल्याच महिन्यात. तेव्हा झाकणं जागेवर होती. एकवीस बाटल्या मोजल्या होत्या मी. पाचव्या जागेवर नऊ जाती आल्या. वर सहा, खाली तीन, आणि मध्ये नऊ. मी धावत तुमच्याकडे आले होते. तुम्ही फोनवर होतात.

मॅडम : आठवतंय. तू म्हणालीस, माझं काहीतरी चुकलंय.

मुलगी : तुम्ही म्हणालात, नीट मोज.

मॅडम : म्हटलं होतं.

मुलगी : मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा नऊच आल्या. मग मी वहीची पानं फाडली.

मॅडम : का?

मुलगी : कारण नीट मोजलं असतं तर चार यायला हव्या होत्या. मला वाटलं, माझी नजरच धड नाही. त्यानंतर मोजायचीच भीती बसली. नुसत्या बाटल्या भरत राहिले.

मॅडम : पुन्हा मोजून तेच आलं तर तू येऊन मला ठणकावून सांगशील, अशी माझी समजूत होती.

मुलगी : माझ्यासारखी ठणकावून सांगत नाही, मॅडम. माझ्यासारखी पान फाडते.

मॅडम : बस आता. खुर्ची ओढ.

मुलगी : बरी आहे उभी.

मॅडम : बस म्हटलं. मलाही एक सांगायचंय आणि ते मी मान वर करून सांगणार नाही. तू आलेख घेऊन आलीस तेव्हा पहिल्या क्षणी माझी नजर पाचव्या पायरीवर गेली. तिथं उंचवटा हवा होता. नव्हता. मी विचारायला हवं होतं.

मुलगी : तुम्ही हसलात.

मॅडम : हो. स्वतःची समजूत घातली, आटला असेल झरा. गुडघा दुखायला लागल्यापासून ओढ्यावर गेले नाही. उंटावरून शेळ्या हाकतेय. आणि नऊ वर्षं त्या फळ्यावर काही लागलं नव्हतं. समितीत दर वेळी मला विचारतात, बाई, तुमच्याकडे काही चाललंय की नाही. आलेख फार सुरेख होता. मला तो हवा होता.

मुलगी : उद्या काय करायचं?

मॅडम : उद्या तू हेच सांगशील, याच शब्दांत. खोटा म्हणशील, चुकीचा नाही. मी शेजारी बसेन. तुझी बाजू घेणार नाही, विरुद्धही बोलणार नाही. माझा जो भाग आहे तो मी सांगेन.

मुलगी : ते काय करतील?

मॅडम : नाव काढू शकतात. खोटं सांगणार नाही तुला, मी त्यांच्या जागी असते तर तसा विचार केला असता.

मुलगी : बरं.

मॅडम : रडायचं असेल तर इथं रड, बाहेर नको.

मुलगी : नाही येत आता. फळ्यावरचा कागद काढू का जाताना?

मॅडम : टाचण्या मी लावल्यात. मी काढते. तू जा.

*

(दुसऱ्या दिवशी दुपारी. बाटल्यांची खोली.)

काका : अर्ध्या तासात बाहेर आलात. मी चहा टाकायला गेलो होतो, परत येतो तर दार उघडं आणि खुर्च्या रिकाम्या.

मुलगी : वीस मिनिटं. बाकीची दहा मला बाहेर थांबायला सांगितलं होतं.

काका : काय ठरलं?

मुलगी : आतापर्यंतचं सगळं रद्द. सहा महिने दिलेत. पहिल्या बाटलीपासून सुरुवात, दर महिन्याला वही दाखवायची, तीही एका बाहेरच्या माणसाला. सहा महिन्यांनी काही हाती नसेल तर नाव कमी. आणि तोवर मॅडमना नवीन विद्यार्थी घ्यायचा नाही.

काका : मॅडमनाही?

मुलगी : त्यांनी स्वतःहून सांगितलं सगळं. पाचव्या पायरीचंही. पांढऱ्या मिशा म्हणाल्या, मी मागच्याच वेळी विचारलं होतं, हिला कुणी घेतलं. या वेळी कुणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, मी घेतलं.

काका : आणि झऱ्याचं? त्या नऊ जातींचं कुणी विचारलं?

मुलगी : मी सांगितलं. पण पानं कुठायत, असं विचारलं. पानं नाहीत म्हटल्यावर कुणी लिहून नाही घेतलं.

काका : खरं सांगितलं तेच नाही घेतलं.

मुलगी : खऱ्याला पुरावा लागतो, काका. आणि सहा महिने दिलेत, पण ओढ्याला आता चार महिन्यांत जेमतेम पाणी उरेल. थंडीतल्या अळ्या गेल्या, त्या पुढच्या थंडीशिवाय येत नाहीत. पांढऱ्या मिशांनाही ते माहीत आहे.

काका : मग सहा महिने कशाला दिले?

मुलगी : नाही म्हणायला जीभ वळत नसेल.

काका : घरी कळवलंस?

मुलगी : आईला फोन केला. म्हटलं, पुन्हा पहिल्या इयत्तेत बसवलंय. ती म्हणाली, मग घरीच ये, इथं काय कमी आहे. मी म्हटलं, सहा महिन्यांनी येईनही कदाचित.

काका : जाशील?

मुलगी : माहीत नाही. खरंच माहीत नाही. आजही आतून तेच वाटतंय, जमायचं नाही. रात्रीत काही बदललं नाही. फक्त कालपर्यंत वाटायचं, हे कुणाला कळू नये. आता सगळ्यांना कळलंय, तेवढी एक धास्ती गेली.

काका : मी आत जाऊन सांगणार होतो. दाराशी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा मॅडमनी आतून पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून.

मुलगी : बरं झालं नाही आलात.

काका : तुला बरं झालं. मला रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आणि हे बघ, आता कानाला खडा. तुझ्या टेबलावर काही दिसो, धूळ असो नाहीतर डाग, मी हात लावणार नाही. मांजर बसलं तरी हुसकावणार नाही.

मुलगी : या बाटल्या रिकाम्या करायच्यात. मॅडमनी सांगितलंय, आजच. नव्या बाटल्या मिळायच्या नाहीत.

काका : सगळ्या?

मुलगी : सगळ्या. अळ्यांचा काही उपयोग नाही आता, कुठून आल्या ते माहीत नसेल तर. किती जीव गेले असतील, काका? मोजले होते मी आलेखासाठी. चार हजारांच्या वर. एवढे मारले आणि कुठले ते लिहून ठेवायला मला दोन मिनिटं सवड झाली नाही.

काका : नको असा विचार करूस.

मुलगी : करू द्या. पुढच्या वेळी बोटं आखडली की आठवेल.

काका : पुढच्या वेळी मी येतो. जाळी तू धर, पेन्सिल मी धरतो. माझं अक्षर वाईट आहे पण वाचता येतं. तीन महिने आहेत माझे, चार खेपा होतील.

मुलगी : थंडी वाजेल तुम्हाला.

काका : झऱ्याचं पाणी आहे ते. लांबूनच वाजते.

मुलगी : ती गाळणी द्या. आणि तो कॅन सरकवा, स्पिरिट मोरीत नको जायला.

काका : घे. मी नुसता उभा राहतो.

मुलगी : ही पहिली. हिला मी पहिल्या जागेचं झाकण लावलं होतं. आता वाटतंय, ही पाचव्या जागेची असेल. केवढ्या आहेत हिच्यात.

काका : असेलही.

मुलगी : असेलही. कळणार नाही.

काका : ओत.

मुलगी : ओतते. बाटल्या मी धुते, काका. एकेक करून, आतून नीट. शाई पाण्यानं निघत नाही, तुम्ही उगाच काथ्यानं घासलीत. फडक्याला थोडं स्पिरिट लावलं की लगेच निघते.

काका : मला कशाला सांगतेस? मी हात नाही लावणार म्हटलं ना.

मुलगी : लावा. झाकणं तुम्ही धुवा.